झाडाच्या पाटीवरचे शेवटचे नाव

उन्हाळ्याच्या सुटीत माझी नात हुबळीहून आदिलाबादला आली, की आमच्या घरात भाषांची खिचडी शिजू लागते. ती माझ्याशी मराठीत बोलते, पणजीशी कन्नडमध्ये, आणि गल्लीतल्या मुलींबरोबर खेळताना चार दिवसांत तेलुगू उचलते. आपल्या सीमाभागातल्या बहुतेक घरांत हेच चालते, त्यात नवल काही नाही. यंदा एका संध्याकाळी तिला जंगलखात्याच्या बागेत फिरायला नेले. तिथे झाडांना पत्र्याच्या पाट्या लावल्या आहेत. वर तेलुगू नाव, त्याखाली लॅटिन नाव आणि लॅटिन नावाच्या शेपटाला चार-पाच अक्षरे.

तीन-चार झाडे झाल्यावर ती थांबली. म्हणाली, "आजोबा, या सगळ्या झाडांचं आडनाव एकच आहे का?"

मी चष्मा पुसून पाहिले. शिसवाच्या पाटीवर शेवटी 'रॉक्सब.' बिबळ्याच्या पाटीवर 'रॉक्सब.' तेंदूच्या पाटीवरही तेच. आणि कोपऱ्यातल्या रोहणाच्या पाटीवर ते कंसात घातलेले. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत गणित शिकवले. झाडांशी माझा संबंध आला तो वडिलांमुळे, आणि त्यांच्या वहीत असले आडनाव कुठे नव्हते. नातीला म्हणालो, "बघून सांगतो." मास्तरकीत हे वाक्य फार उपयोगी पडते, पण या वेळी खरेच बघावे लागले.

झाडांच्या शास्त्रीय नावाचा एक रिवाज आहे. ज्याने त्या झाडाचे पहिल्यांदा शास्त्रशुद्ध वर्णन करून ते छापले, त्याचे नाव थोडक्यात शेवटी लिहायचे. पुढे कुणी ते झाड दुसऱ्या कुळात नेऊन बसवले, तर पहिल्याचे नाव कंसात जाते आणि नव्याचे बाहेर येते. 'रॉक्सब.' म्हणजे विल्यम रॉक्सबर्ग. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला एक स्कॉटिश सर्जन. आपल्या आदिलाबादच्या रानातली निम्मी ओळखीची झाडे या माणसाच्या नावाने जगभर नोंदलेली आहेत, आणि त्याचे नाव मला साठी उलटल्यावर एका दहा वर्षांच्या पोरीमुळे कळले.

समालकोटचा डॉक्टर

रॉक्सबर्ग यांचा जन्म १७५१ सालचा, स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातला. एडिंबरोला ते वैद्यक शिकले. त्या काळी डॉक्टर व्हायचे तर वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे, कारण औषधे बहुतेक झाडपाल्याचीच. तिथे जॉन होप नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना झाडांची गोडी लावली. मग जहाजावर सर्जनचा मदतनीस म्हणून समुद्रसफरी झाल्या आणि १७७६ साली ते मद्रासला कंपनीच्या वैद्यकीय नोकरीत रुजू झाले. १७८१ पासून त्यांचा मुक्काम समालकोटला.

समालकोट हे काकिनाड्याजवळचे गाव. आपल्याला ते लांबचे वाटते, पण दोन धागे जवळचे आहेत. एक म्हणजे तो सगळा 'सरकार' प्रांत आधी निजामाचाच होता. १७६६ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. आणि दुसरा धागा गोदावरीचा. त्र्यंबकेश्वरला निघून, पैठण-नांदेड करत बासरच्या सरस्वतीच्या पायाशी येणारी आपली गोदामाय पुढे राजमहेंद्रीला जाते. रॉक्सबर्ग फिरले ते त्या खालच्या अंगाच्या डोंगरांत. आपल्या उटनूर-निर्मळच्या रानात त्यांनी पाऊल ठेवले नाही. पण रानाला जिल्ह्याची हद्द कुठे असते? सागवान, तेंदू, मोह, बिबळा, सालई हा तोच गोतावळा नदीच्या कडेकडेने खाली पोचलेला आहे.

समालकोटच्या छावणीत डॉक्टर म्हणून शिपायांची दुखणी पाहायची आणि उरलेला वेळ झाडांना द्यायचा, असा त्यांचा दिनक्रम. त्यांनी तिथे मोठी बाग केली. कॉफी, दालचिनी, मिरी, तुती, नीरफणस असे नाना प्रकार लावले. ऊस आणि साखरेचे प्रयोग केले. दिवसातून तीन-तीनदा हवामानाच्या नोंदी ठेवल्या. वाऱ्याची दिशा, वायुभारमापक, उष्णता, पाऊस, सारे आकड्यांत. आम्ही गणिताची माणसे अशा नोंदवह्यांसमोर नकळत हात जोडतो.

त्यांचे गुरू म्हणावेत असे एक गृहस्थ इथेच भेटले. योहान गेरहार्ड क्योनिग. हे प्रसिद्ध लिनियसचे प्रत्यक्ष शिष्य, तेही वैद्यच. तरंगमबाडीच्या मिशनमध्ये आले, अर्काटच्या नवाबाकडे राहिले आणि पुढे कंपनीचे वनस्पतितज्ज्ञ झाले. १७८५ साली काकिनाड्याजवळ जगन्नाथपुरम येथे ते वारले, तेव्हा उशाशी उपचाराला रॉक्सबर्ग होते. क्योनिग यांच्या जागी आले पॅट्रिक रसेल. हेही डॉक्टर. झाडांपेक्षा सापांत जास्त रमले. आपल्याकडची घोणस, म्हणजे कन्नडमधला कोळकुमंडल, इंग्रजीत आजही रसेलच्याच नावाने ओळखला जातो. रसेल गेल्यावर १७८९ मध्ये ही जागा रॉक्सबर्ग यांच्याकडे आली.

मधल्या काळात एक घाला पडला. १७८७ च्या मे महिन्यात त्या किनाऱ्यावर वादळ आले आणि समुद्राचे पाणी गावांवर चढले. रॉक्सबर्ग यांनी दहा-अकरा वर्षे जमवलेला वनस्पतींचा संग्रह, पुस्तके, घरदार सारे गेले. माणसे तेवढी वाचली. झाडे वाळवून, कागदावर चिकटवून, नावे लिहून ठेवलेला संग्रह म्हणजे काय, ते ज्याने एक साधा अल्बम भरला आहे त्याला कळेल. त्यांनी तो पहिल्यापासून पुन्हा सुरू केला.

आपली झाडे, त्यांची नावे

त्या कामातून तयार झाला 'प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल' हा ग्रंथ. रॉक्सबर्ग यांनी ५०० चित्रे आणि वर्णने लंडनला पाठवली. सर जोसेफ बँक्स यांनी त्यांतली ३०० निवडली आणि १७९५ ते १८२० या काळात तीन मोठ्या खंडांत ती छापली गेली. म्हणजे शेवटचा भाग बाहेर पडला तेव्हा लेखक हयात नव्हता.

या खंडांत कोण कोण आहे ते पाहिले, की आपल्याच गावच्या जत्रेत हिंडल्यासारखे वाटते. तेंदू आहे. 'मेलॅनोझायलॉन' म्हणजे काळे लाकूड, हे नाव त्यांनी त्याला दिले. आज आपल्याकडे तेंदू म्हटले की एप्रिल-मे महिन्यातली पानतोड आणि विडीचे पुडे आठवतात. तेव्हा डोळ्यांत भरला तो त्याचा काळा गाभा. सालई आहे, शिसव आहे, ज्याला तुमच्याकडे बीटे म्हणतात. बिबळा आहे, तुमचा होन्ने. मोह आहे, तेलुगूत इप्प, कन्नडमध्ये हिप्पे.

आणि पळस आहे. कुठेही जा, पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. पण पळसाचे लॅटिन नाव ऐकाल तर हसाल. रॉक्सबर्ग यांनी त्याच्या कुळाला 'ब्युटिया' म्हटले, ते इंग्लंडचे एकेकाळचे पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांच्या सन्मानार्थ. ब्यूटसाहेबांना झाडांचा शौक होता, ते खरे. तरी पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या पत्रावळीवर आपण जेवलो, ज्याच्या फुलांनी रंगपंचमी खेळलो, तो पळस, मोदुग, मुत्तुग. त्याच्यावर एका विलायती पंतप्रधानाचे नाव!

कुंभ्याचे मात्र मला पटते. याला कन्नडमध्ये कवलु म्हणतात. रॉक्सबर्ग यांनी त्याचे नाव 'कॅरिया' ठेवले, त्यांचे मित्र विल्यम कॅरी यांच्यावरून. हे तेच श्रीरामपूरचे कॅरी, ज्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली मराठी कोश काढला आणि १८१७ साली कन्नडचेही व्याकरण प्रसिद्ध केले. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांची सेवा केलेल्या माणसाचे झाड आपल्या रानात उभे आहे, हे आपल्या घरांत तरी माहीत असायला हवे. कोश करताना कॅरी यांना मदत केली ती नागपूरकडच्या वैजनाथशास्त्री कानफाडे या पंडितांनी. त्यांचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात टिकले आहे. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे त्याच्याशी गाठ आहे.

तापावरची साल

आता रोहणाकडे येतो. बागेतल्या त्या पाटीपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो होतो.

रोहण हे उंच, जाड सालीचे झाड. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची नवी पालवी तांबडीलाल होऊन येते आणि दुरून फुललेल्या झाडाचा भास होतो. साल कडू आणि तुरट. राजमहेंद्रीच्या डोंगराळ भागात रॉक्सबर्ग यांना हे झाड मिळाले, आणि तिथले लोक त्याची साल औषधाला वापरतात हेही कळले.

छावणीच्या डॉक्टरला याचे मोल किती असेल! थंडी वाजून येणाऱ्या तापावर त्या काळी एकच औषध युरोपीय डॉक्टरांच्या हाती होते: दक्षिण अमेरिकेतून येणारी सिंकोनाची साल. ती महाग, पुरवठा अनियमित, आणि येईपर्यंत निम्मी भेसळीची. इथलीच एखादी साल चालली तर हवीच होती. रॉक्सबर्ग यांनी रोहणाची साल रुग्णांवर वापरून पाहिली, त्यावर लेख लिहिला, इंग्लंड-स्कॉटलंडला नमुने पाठवले. १७९४ साली एडिंबरो विद्यापीठात या एका सालीवर वैद्यकीच्या पदवीचा प्रबंधही सादर झाला. झाडाचे नाव त्यांनी 'फेब्रिफ्यूगा' ठेवले. म्हणजे ताप पळवणारी.

पुढे काळाने दाखवून दिले, की सिंकोनाची सर रोहणाला नाही. सिंकोनातले क्विनाइन १८२० मध्ये फ्रान्समध्ये वेगळे काढले गेले. ते द्रव्य रोहणात नाही. रोहण तुरट आहे, पौष्टिक म्हणून, जुलाबावर, हिरड्यांवर त्याचा उपयोग जुने वैद्य सांगतात. पण हिवतापाला तो उतारा नव्हे. (वाचकांपैकी कुणी ही साल शोधत हिंडू नये. ताप आला तर रक्त तपासून घ्यावे.)

तरी माझ्या मनात ठसले ते दुसरेच. हे झाड रॉक्सबर्ग यांनी महोगनीच्या कुळात घातले होते. १८३० मध्ये एका फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने त्याला वेगळे कुळ दिले आणि कुळाचे नाव ठेवले 'सॉयमिडा'. हा शब्द लॅटिन नाही, ग्रीकही नाही. तेलुगूत या झाडाला सोमिडा म्हणतात. रॉक्सबर्ग यांची सवय अशी, की प्रत्येक झाडाखाली तिथल्या लोकांच्या तोंडचे तेलुगू नाव लिहायचे. ते त्यांनी इथेही लिहून ठेवले, आणि तोच शब्द पुढे शास्त्राच्या नावात जाऊन बसला.

म्हणजे राजमहेंद्रीच्या डोंगरात कुणीतरी, कधीतरी, त्या गोऱ्या डॉक्टरला बोट दाखवून म्हणाले असेल, "हे सोमिडा." तो शब्द जगभर गेला. तो उच्चारणारा कोण?

रॉक्सबर्ग यांच्या लेखनात असा माणूस वारंवार डोकावतो आणि लपतो. लाखेच्या किड्यावर त्यांचा एक निबंध आहे. त्यासाठी लाख लागलेल्या ताज्या फांद्या डोंगरातून त्यांच्याकडे आणून दिल्या गेल्या. कुणी आणल्या, याचा पत्ता नाही. चित्रांचेही तसेच. 'कोरोमंडल'ची चित्रे काढली ती त्यांनी पगारावर ठेवलेल्या इथल्या चित्रकारांनी. पाकळीची शीर, बी कापल्यावर दिसणारा आतला भाग, सारे इतके नेमके, की आजही अभ्यासक ती चित्रे समोर ठेवून झाडे ओळखतात. पुढे कलकत्त्याला गेल्यावर अशी अडीच हजारांवर चित्रे तयार झाली. एक संच कलकत्त्याला, एक लंडनजवळच्या क्यू उद्यानात. कोरोमंडलच्या त्या चित्रांवर एकाही चित्रकाराची सही नाही. वैजनाथशास्त्र्यांचे नाव राहिले. या लोकांचे राहिले नाही.

डॉक्टरांवर मी राग धरत नाही. तो काळच तसा, आणि ते काम कंपनीचे. कंपनीला मिरी, नीळ, साखर, दोरखंडाचा धागा यांत रस होता. झाडाची चौकशी होई ती व्यापारासाठी. ताग, सण, अंबाडी अशा कितीतरी धाग्यांची ताकद रॉक्सबर्ग यांनी वजने टांगून मोजली. आपल्या घरी अंबाडीची भाजी, म्हणजे पुंडी पल्ले, भाकरीबरोबर होते. त्यांना तिच्या देठात जहाजाचे दोर दिसत होते. काळ्या कुड्याच्या पानांपासून नीळ निघते हेही त्यांनी दाखवले. तोच तुमचा हाले मर. चन्नपट्टणची लाकडी खेळणी त्याच्याच पांढऱ्या लाकडाची होतात. आमच्या निर्मळची पोनिकीच्या लाकडाची.

कवटीच्या दुष्काळात

पण या माणसाला निव्वळ व्यापाऱ्याचा नोकर म्हणून मोडीत काढता येत नाही, ते १७८९ नंतरच्या तीन-चार वर्षांमुळे. पाऊस लागोपाठ फसला. सरकार प्रांतात माणसे हजारोंनी मेली. १७९१ पर्यंत तोच दुष्काळ आपल्या दख्खनवर आला. मराठीत त्याला कवटीचा दुष्काळ म्हणतात, कन्नडमध्ये डोगि बर. पुरायला माणूस उरला नाही आणि रानोमाळ कवट्या पडल्या, म्हणून ते नाव. विजापूर-धारवाडच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये त्याची हकीगत आहे. माझी आजी तिच्या आजीकडून ऐकलेले सांगायची, तेव्हा आम्ही पोरे भिऊन पांघरुणात शिरायचो.

रॉक्सबर्ग यांनी समालकोटच्या आसपास हा मृत्यू रोज पाहिला, आणि पावसाच्या आकड्यांची वही त्यांच्याजवळ होतीच. त्यांनी कंपनीला लिहून कळवले, की भातावर आणि जोंधळ्यावर सारी भिस्त ठेवू नका. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर अशी झाडे लावा की पाऊस हुकला तरी गरिबाच्या तोंडात काही पडेल. नारळ, ताड, खजूर, साबुदाण्याचा माड, फणस, नीरफणस, केळ, अगदी निवडुंगसुद्धा. कंपनीच्या दप्तरात अशा सूचना किती पडून राहतात, हे सांगायला नको. पण झाडाकडे पोटाच्या बाजूने पाहणारा डॉक्टर त्यांच्यात होता, हे नोंदवलेच पाहिजे.

१७९३ च्या अखेरीस ते कलकत्त्याच्या शिबपूर उद्यानाचे प्रमुख झाले. तिथली वीस वर्षे मी थोडक्यात सांगतो, कारण ती कुठल्याही पुस्तकात सापडतील. उद्यानातल्या झाडांची त्यांनी यादी केली, तिच्यात सुमारे ३,५०० जाती भरल्या. ती कॅरींनी १८१४ साली श्रीरामपूरला छापली. तब्येत ढासळली म्हणून १८१३ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. वाटेत सेंट हेलेना बेटावर बरेच दिवस मुक्काम पडला, तर तिथल्या झाडांचीही यादी केली! १८ फेब्रुवारी १८१५ रोजी एडिंबरोला ते वारले. त्यांचा मोठा ग्रंथ 'फ्लोरा इंडिका' हस्तलिखितातच राहिला होता. त्याचे भाग १८२० पासून कॅरींनीच छापायला घेतले आणि पुरा ग्रंथ १८३२ साली बाहेर आला. मित्र असावा तर असा.

अण्णांची वही

नातीला हे सगळे सांगून झाले. तिने ऐकले आणि विचारले, "मग चित्रं काढणाऱ्यांची नावं का नाही लिहिली?" मी म्हणालो, "तेव्हाचे साहेब लिहीत नसत." वर थोडा तोराही मिरवला, की आपल्या घरातही अशी एक झाडांची वही आहे, तुझ्या खापरपणज्याची नव्हे, पणज्याची, आणि ती कुणा साहेबाने लिहिलेली नाही.

माझे वडील, अण्णा, मूळ देगलूरचे. आई भालकीकडची, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणतो. अण्णा उटनूर भागातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. साल साधारण १९६२ ते ७०. हिवताप पाचवीला पुजलेला, रस्ते नाहीत, औषधाची पेटी यायला पावसाळ्यात आठवडे लागत. त्या काळात अण्णांनी रानातल्या झाडांची एक वही केली. तांबड्या पुठ्ठ्याची, आखीव. पानावर तीन रकाने: मराठी, कन्नड, तेलुगू. त्यापुढे उपयोग. 'रोहण. साल उकळून चूळ. हिरड्या.' 'बिबळा. लाल डिंक. हगवण.' अशी १०४ झाडे आहेत. मी मोजली आहेत. लहानपणापासून या वहीचा मला अभिमान आहे. लग्नाकार्यात पाहुणे आले की मी ती काढून दाखवतो.

त्या संध्याकाळी ती काढली. नात पाने उलटत राहिली. शेवटच्या पानावर गेली, पुन्हा पहिल्यावर आली. मग म्हणाली, "यांना कुणी सांगितली एवढी झाडं?"

हे उत्तर मला माहीत होते. एक म्हातारे गोंड गृहस्थ दवाखान्यात येत. अण्णा रविवारी त्यांच्याबरोबर रानात जात. मी पाच-सहा वर्षांचा असेन. मला त्यांचे धोतर आठवते, खांद्यावरची कुऱ्हाड आठवते, आणि त्यांनी मला चारोळ्या फोडून दिलेल्या आठवतात. अव्वाला एकदा ताप चढला होता आणि गोळ्या संपल्या होत्या. तेव्हा ते रात्री सालींचे गाठोडे घेऊन आले होते. गोळ्या दुसऱ्या दिवशी आल्या आणि अव्वा त्या गोळ्यांनीच बरी झाली, असे अण्णा सांगत. पण रात्रभर उशाशी ते म्हातारे बसून होते, हेही तेच सांगत.

"नाव काय त्यांचं?" नात म्हणाली.

मी वही घेतली. पहिले पान पाहिले, पुठ्ठ्याच्या आतली बाजू पाहिली. 'सुरुवात: दसरा.' खाली अण्णांची सही, वळणदार. दुसरे नाव कुठेच नाही. १०४ झाडे, तीन भाषा. ज्या माणसाने ती दाखवली त्याचे नाव नाही, आणि त्याच्या भाषेचा रकानाही नाही. ते अण्णांशी तेलुगूत बोलत. घरी गोंडीत बोलत असणार. साठ वर्षे मी ही वही पाहुण्यांना दाखवतो आहे. हे मला कधी दिसले नव्हते.

अव्वा आता अठ्ठ्याऐंशीची आहे. ऐकू कमी येते, पण जुने सगळे लख्ख आठवते. तिच्या कॉटपाशी जाऊन मोठ्याने विचारले, ते सालीचे गाठोडे आणणारे आजोबा कोण?

"रोहणअज्जा," ती लगेच म्हणाली.

"ते तू ठेवलेलं नाव. त्यांचं नाव काय होतं?"

ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हेसरु केळले इल्लप्पा." नावच विचारलं नाही रे. आणि थोड्या वेळाने, कुणी न विचारता, आणखी एक गोष्ट तिने सांगितली. अज्जा यायचे तेव्हा ती चहा करायची. ते कट्ट्यावर बसून प्यायचे. त्यांच्यासाठी अॅल्युमिनियमचा एक पेला न्हाणीजवळच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. पिऊन झाला की ते स्वतःच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचे. "ज्या रात्री मला ताप होता," अव्वा म्हणाली, "त्या रात्री ते आत आले होते. कोणी अडवलं नाही."

नातीने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहत होतो.

जून उजाडायच्या आधी आम्ही दोघे उटनूरकडे जाऊन आलो. अण्णांचा दवाखाना होता त्या जागी आता दुसरी इमारत आहे. आसपासच्या दोन वाड्यांवर विचारले. साठ वर्षांपूर्वीचा, दवाखान्यात जाणारा, झाडांची माहिती असलेला म्हातारा. असे म्हटल्यावर लोक हसले. असे म्हातारे प्रत्येक घरात होते, म्हणाले. एका वयस्क बाईंनी वही हातात घेतली. त्यांना वाचता येत नव्हते. मी एकेक नाव तेलुगूत वाचत गेलो आणि त्या गोंडीत सांगत गेल्या. पहिल्या पानावरची अकरा झाडे झाली तेव्हा त्यांची भात लावायची वेळ झाली.

वहीच्या पानाला उजवीकडे दोन बोटे समास आहे. नातीने तिथे पट्टीने रेघ मारून चौथा रकाना केला. अकरा नावे तिने देवनागरीत लिहिली आणि प्रत्येकापुढे ती नावे सांगणाऱ्या बाईंचे नाव, त्यांना विचारून. सुटी संपत आल्याने ती हुबळीला परत गेली. त्र्याण्णव नावे बाकी आहेत. पावसाने जरा उघडीप दिली की मी पुन्हा जाणार आहे. अव्वाने सांगून ठेवले आहे, जाताना त्या बाईंसाठी चहा-साखर ने म्हणून.